बिऱ्हाड, पागडी आणि येऊ घातलेला कायदा

पुण्याची पगडी डोक्यावर बसते आणि मुंबईची पागडीही डोक्यावरच बसते. फक्त ती कर्जाच्या रूपाने. एका कान्याचा काय तो फरक! मराठी शिकवणाऱ्या माणसाला शब्दांच्या मागे लागण्याची खोड असतेच; म्हणून या शब्दाचा माग काढू लागलो तर गंमत अशी कळली, की ज्या व्यवहाराला मुंबईत पागडी म्हणतात त्यालाच कोलकात्यात ‘सलामी’ म्हणतात. म्हणजे मुंबईचा भाडेकरू घरमालकाला शिरोभूषण चढवतो आणि बंगालचा भाडेकरू त्याला मुजरा करतो. खिसा मात्र दोघांचाही सारखाच हलका होतो.

पण आजचा विषय शब्दांचा नाही, घरांचा आहे, आणि दुकानांचाही. केंद्र सरकारने २ जून २०२१ रोजी ‘आदर्श भाडेकरू कायद्या’चा मसुदा मंजूर करून सर्व राज्यांकडे पाठविला. घरभाडे हा विषय घटनेने राज्यांच्या यादीत टाकलेला असल्यामुळे दिल्लीला नमुना पाठविण्यापलीकडे फारसे काही करता येत नाही. तो नमुना घ्यावा, बदलून घ्यावा की कपाटात ठेवावा, हे ज्या त्या राज्याने ठरवावयाचे. तामिळनाडूने त्याच धर्तीचा कायदा आधीच, २०१७ साली केला होता. उत्तर प्रदेश आणि आसाम यांनी २०२१ मध्ये केला. महाराष्ट्रात मात्र १९९९ चाच भाडेनियंत्रण कायदा चालू आहे. ‘कायदा बदलणार’ अशी आवई मधूनमधून उठते आणि गिरगावातल्या चाळीपासून सदाशिव पेठेतल्या वाड्यापर्यंत निदान दोन माणसांची झोप उडते. एकाची आशेने आणि दुसऱ्याची धास्तीने. ही दोन माणसे बहुतेक वेळा एकाच जिन्याने वर-खाली करीत असतात, हे या प्रकरणातले खरे दुखणे.

युद्धाने दिलेला वारसा

भाड्याच्या घरावर सरकारचा हात पडला तो युद्धाच्या निमित्ताने. पहिल्या महायुद्धात मुंबईत माणसांची रीघ लागली, गिरण्या रात्रंदिवस चालू लागल्या, बांधकामाचे सामान महागले आणि घरमालकांनी भाडी वाटेल तशी वाढविली. तेव्हा १९१८ मध्ये मुंबईत पहिला भाडेनिर्बंध आला. दुसऱ्या महायुद्धाबरोबर १९३९ आणि १९४४ असे पुन्हा कायदे झाले. पुढे स्वातंत्र्य आले, फाळणीने निर्वासितांचे लोंढे आणले आणि १९४७ चा सुप्रसिद्ध ‘बॉम्बे रेंट ॲक्ट’ जन्माला आला. तो १३ फेब्रुवारी १९४८ पासून लागू झाला.

या कायद्याची सारी गोम एका तारखेत होती. १ सप्टेंबर १९४० रोजी जागेचे जे भाडे असेल तेच तिचे ‘प्रमाण भाडे’. त्याहून जास्त घेणे हा गुन्हा. त्या वेळी हा निर्णय अन्यायाचा होता असे कोणी म्हणू नये. महायुद्धाच्या आणि फाळणीच्या त्या दिवसांत ज्याच्या डोक्यावरचे छप्पर टिकले, ते या कायद्यामुळे टिकले. मुंबईचा कारकून, शिक्षक, गिरणीकामगार, छापखान्यातला कंपॉझिटर या साऱ्यांचे संसार याच कायद्याच्या आडोशाने उभे राहिले. आपल्यापैकी कित्येकांचे आईवडील ज्या दोन खोल्यांत शिकले, त्या खोल्या याच कायद्याने राखल्या आहेत.

परंतु तात्पुरती म्हणून बांधलेली मांडवाची काठी घराचा खांब होऊन बसावी तसे झाले. कायदा मुदतीचा होता. मुदत संपत आली की वाढवून मिळे. बाहेर सोन्याचे, तुपाचे, मजुरीचे भाव बदलत होते आणि भाडे मात्र १९४० सालच्या कॅलेंडरला टांगलेले राहिले. अखेर काही घरमालक सर्वोच्च न्यायालयात गेले. मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या खटल्याचा निकाल १९ डिसेंबर १९९७ रोजी लागला. एके काळी वाजवी असलेले बंधन काळाच्या ओघात अवाजवी होऊ शकते आणि गोठविलेल्या भाड्याचे तसेच झाले आहे, असा त्या निकालाचा आशय होता. न्यायालयाने कायदा तेथल्या तेथे मोडीत काढला नाही. मार्च १९९८ मध्ये त्याची मुदत संपायची होती आणि सरकार नवा, न्याय्य कायदा करील अशी अपेक्षा ठेवली. सरकारने केला, पण सवडीने. महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ हा प्रत्यक्षात ३१ मार्च २००० पासून अमलात आला.

वीस रुपयांचे छप्पन

नव्या कायद्याने घरमालकाला दिले काय? आधारासाठी १ ऑक्टोबर १९८७ ही तारीख धरली, त्या दिवशीच्या भाड्यावर पाच टक्के वाढ दिली आणि पुढे दरसाल चार टक्के वाढविण्याची मुभा ठेवली. ऐकायला बरे वाटते. आता पाटी-पेन्सिल घेऊन बसा. एका खोलीचे भाडे वीस रुपये होते असे समजा. पाच टक्क्यांनी ते एकवीस झाले. त्यावर पंचवीस वर्षे दरसाल चार टक्के चढवीत गेले तर ते छप्पन रुपयांच्या घरात पोचते. पालिकेच्या करातील वाढीचा वाटा निराळा. छप्पन रुपयांत आज बऱ्यापैकी हॉटेलात दोघांचा चहा कसाबसा होईल. बिस्किटे नकोत म्हणावी लागतील.

आमच्या एका सहकाऱ्याचा पुण्यात, जुन्या पेठेत वडिलोपार्जित वाडा आहे. वाडा म्हणजे आता वाड्याची आठवण. चार भावंडांत हिस्सा, त्यात सात बिऱ्हाडे. माडीवर राहणारे नाना ऐंशीच्या पुढचे. पाऊस तोंडावर आला की नाना कठड्यावरून हाक मारतात, “अरे बाळ, यंदा तरी माडी शाकारून घे की रे! रात्रभर बादल्या सरकवायच्या या वयात?”

सहकारी खालून म्हणतो, “नाना, शाकारायला येणारा गडी एका दिवसाला जेवढे मागतो ना, तेवढे तुमचे वर्षाचे भाडे होते.”

“ते मला ठाऊक नाही का? पण मी जाऊ कुठे, सांग बघू.”

“जा असे मी म्हटले का, नाना?”

आणि खरोखरच तो म्हणत नाही. नानांनी त्याला लहानपणी पर्वतीवर खांद्यावरून नेलेले आहे. या संवादात खलपुरुष कोण, हे ज्याला सांगता येईल त्याने खुशाल कायदा करावा. आमच्या जुन्या नाटकांनी आणि सिनेमांनी घरमालक म्हणजे सोन्याच्या बटणांचा, भाडे न दिल्यास ट्रंक रस्त्यावर फेकणारा असा रंगविला. तसे होते, नव्हते असे नाही. परंतु आजचा पेठेतला घरमालक पुष्कळदा पेन्शनीत निघालेला गृहस्थ किंवा एखादी विधवा बाई असते आणि तिचा भाडेकरू मोटारीतून उतरतो. दक्षिण मुंबईत समुद्राकडे तोंड असलेल्या प्रशस्त जागा काही शे रुपये भाड्यात पिढ्यान् पिढ्या चालत आल्या आहेत. भाडेकरू वारला तर त्याच्याबरोबर राहणारा कुटुंबातला माणूस भाडेकरू होतो, अशी कायद्याची तरतूद आहे. तेव्हा भाडेकरूपण हे वतनासारखे वाड्याबरोबर वाढत जाते.

घरमालकाला जागा परत मिळविण्याचे मार्ग कायद्यात नाहीत असे नव्हे. स्वतःला खरी गरज आहे हे सिद्ध करावे. मग कोणाला अधिक त्रास होईल याचा तराजू न्यायाधीश हाती घेतात. भाडेकरूने सबळ कारणाशिवाय सहा महिने जागा वापरलीच नाही, हेही एक कारण. परंतु ‘वापरली नाही’ हे सिद्ध करणे म्हणजे शेजारच्या घरातून दूध कोणी घेतले नाही, दिवा कधी लागला नाही, याचे पुरावे जमविणे. मुंबईत धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात बापाने लावलेला दावा मुलगा चालवितो, हे आता कोणाला नवल वाटत नाही.

शंभर महिन्यांचे मोल

भाडे गोठले की दुरुस्ती गोठते, ही गोष्ट सांगायला अर्थशास्त्री लागत नाही. मुंबई बेटावर सरकारने यावर एक तोड काढली. १९६९ साली इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला. जुन्या इमारतींवर उपकर बसविला आणि त्या पैशातून दुरुस्ती करावयाची असे ठरले. आरंभी अशा उपकरप्राप्त इमारतींची गणना १९,६४२ भरली होती. पुढे हे काम ‘म्हाडा’कडे आले. टेकू लावून उभ्या असलेल्या इमारती हे मुंबईच्या जुन्या वस्तीचे चित्रच होऊन गेले. काही टेकूही पुरले नाहीत. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातील हुसैनी इमारत कोसळून तीसहून अधिक माणसे दगावली. १६ जुलै २०१९ रोजी डोंगरीत केसरबाई इमारतीचा भाग कोसळला. बरोबर एक वर्षाने, जुलै २०२० मध्ये, फोर्टमधील भानुशाली इमारत. पुणे, नाशिक, सोलापूर येथल्या वाड्यांना तर या मंडळाचाही आधार नाही. तेथे माडी पडेपर्यंत मालक व भाडेकरू एकमेकांकडे पाहत बसतात.

१९८६ मध्ये आणखी एक पाऊल टाकले गेले. उपकरप्राप्त इमारतीतील सत्तर टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था करून मागणी केली, तर सरकारने ती इमारत संपादन करून त्यांना द्यावी आणि मालकाला मोबदला द्यावा मासिक भाड्याच्या शंभर पट! आपल्या त्या छप्पन रुपयांच्या खोलीचे मोल मग पाच हजार सहाशे रुपये झाले. मालकांची संघटना न्यायालयात गेली. तो वाद फिरत फिरत सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींपुढे आला, आणि ५ नोव्हेंबर २०२४ रोजी बहुमताने निर्णय झाला की प्रत्येक खाजगी मालमत्ता ही काही आपोआप ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ ठरत नाही. एका चाळीच्या भाड्याचा प्रश्न घटनेच्या एकोणचाळिसाव्या अनुच्छेदापर्यंत पोचावयाला जवळजवळ एक पिढी लागली!

दुकानाच्या फळीमागे

आता दुकानांकडे वळू. कारण भाडेकायद्याची चर्चा नेहमी घराभोवती फिरते आणि तो हाणून पाडण्याची ताकद मात्र दुकानदारांच्या हाती असते. दिल्लीचे उदाहरण बोलके आहे. तेथे १९९५ साली नवा भाडेकायदा संसदेने मंजूर केला, राष्ट्रपतींची संमतीही मिळाली. परंतु तो अमलात येण्याची तारीख कधी उगवलीच नाही. जुन्या बाजारपेठांतील व्यापाऱ्यांनी इतके रान उठविले की कोणत्याही सरकारची ती तारीख लिहिण्याची छाती झाली नाही. संमत झालेला पण जन्मास न आलेला असा हा कायदा!

महाराष्ट्राने १९९९ मध्ये जरा निराळी युक्ती केली. बँका, सार्वजनिक उद्योग, परदेशी कंपन्या आणि ज्यांचे भरणा झालेले भागभांडवल एक कोटी रुपये किंवा अधिक आहे अशा कंपन्या, यांना कायद्याच्या छत्राखालून बाहेर काढले. मोठ्या पेढीला गरीब भाडेकरूचे संरक्षण कशाला, हा विचार बरोबरच होता. त्यामुळे फोर्ट आणि बॅलार्ड इस्टेटमधील जुन्या दगडी इमारतींतून मोठे व्यवहार घडले. कोणी बाजारभावाने भाडे देऊ लागले, कोणी जागा सोडली, कोणी कोर्टात गेले. कचेऱ्यांची भाड्याची बाजारपेठ मोकळी झाली ती या एका कलमाने. परंतु भरणा झालेले भांडवल हे काही श्रीमंतीचे माप नव्हे. लाखोंची रोजची उलाढाल करणारी भागीदारीतली पेढी किंवा एकट्या मालकाचे जवाहिऱ्याचे दुकान संरक्षणात राहिले. आणि जेमतेम तगून असलेली एखादी जुनी कंपनी कागदावरच्या कोटीमुळे बाहेर पडली.

आणखी एक गोष्ट त्या कायद्याने केली. जुन्या कायद्यात पागडी घेणे हा गुन्हा होता. म्हणूनच ती सर्वत्र चालत असे. नव्या कायद्याच्या छप्पन्नाव्या कलमाने तिला राजमान्यता दिली. (आपले भाडेही छप्पन आणि कलमही छप्पन! हा निव्वळ योगायोग.) आता पागडीने जागा हस्तांतरित करताना मालकाला साधारण तिसरा हिस्सा देण्याची रीत आहे. पागडी देऊन आलेला दुकानदार स्वतःला भाडेकरू समजतच नाही. दादरच्या किंवा लालबागच्या एखाद्या गल्लीत बांगड्यांचे, कापडाचे, वह्या-पुस्तकांचे छोटे दुकान मांडून बसलेल्या माणसाने बायकोचे दागिने मोडून पागडी भरलेली असते. ती त्याची ठेव, तीच त्याची पेन्शन आणि तीच मुलीच्या लग्नाची तरतूद. कागदोपत्री तो महिना दीडशे-दोनशे रुपयांचा भाडेकरू. ‘तुमचे भाडे उद्यापासून बाजारभावाने’ असे त्याला सांगणे म्हणजे त्याने विकत घेतलेली वस्तू परत घेऊन त्यालाच ती भाड्याने देण्यासारखे आहे.

२०१६ च्या आरंभी हेच घडू पाहत होते. सुमारे ऐंशी चौरस मीटरपेक्षा मोठी घरे आणि पन्नास चौरस मीटरपेक्षा मोठी दुकाने यांचे संरक्षण काढावे असा प्रस्ताव सरकारने पुढे आणला होता. भाडेकरू संघटना आणि राजकीय पक्ष उठले, आणि प्रस्ताव मागे पडला. तो मागे पडला याचे मला वाईट वाटले नाही. मोजपट्टी चुकीची होती. ऐंशी मीटरांच्या जुन्या जागेत तीन भावांचे कुटुंब पडदे लावून राहत असेल; आणि चाळीस मीटरांच्या जागेचा भाडेकरू परदेशात राहून जागेला फक्त कुलूप लावून बसला असेल. जागेची लांबी-रुंदी घेऊन माणसाची ऐपत मोजता येत नाही. मोजावयाचीच असेल तर भाडेकरूचे उत्पन्न पाहा, त्याच शहरात त्याच्या नावे दुसरे घर आहे का ते पाहा, पागडी भरली असेल तर तिचा हिशेब धरा. हे काम किचकट आहे, मान्य. पण संसार उठवायचे तर एवढी तसदी सरकारने घ्यावयास हवी.

कुलूपबंद घरे

भाड्याच्या कायद्याने आणखी एक गोष्ट घडविली; तिचा विचार भाडेकरूंचे कैवारी सहसा करीत नाहीत. भाड्याने देण्यासाठी घरे बांधणेच बंद झाले. चाळ बांधून तिच्या भाड्यावर म्हातारपण काढावे, ही आमच्या आजोबांच्या पिढीतली रीतसर गुंतवणूक होती. तिच्यावर पाणी पडले आणि मालकीच्या सदनिकांचे युग आले. १९६३ साली त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदाही करावा लागला. ज्याच्यापाशी पैसा तो घर विकत घेऊ लागला. नव्याने शहरात आलेल्या, पोटापुरते मिळविणाऱ्या माणसाला भाड्याने घर मिळेनासे झाले.

मधल्या काळात लोकांनी पळवाट शोधली, ती ‘लीव्ह अँड लायसन्स’ची. भाडेकरू नव्हे, परवानाधारक! १९७३ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून, १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे असे परवानाधारक जागेत होते त्यांना भाडेकरूच मानले गेले. त्या दिवशी जे आत होते त्यांचे भले झाले. जे बाहेर होते त्यांच्यासाठी दारे बंद झाली. हात पोळलेला मालक पुन्हा शेगडीजवळ जात नाही. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरांत सुमारे १ कोटी १० लाख घरे रिकामी आढळली. सगळीच काही भाडेकायद्याच्या भीतीने रिकामी नव्हती. पण ‘भाड्याने दिले तर परत मिळेल का?’ हा प्रश्न पुष्कळ कुलपांच्या मागे आहे.

हा प्रश्न नव्या मसुद्याने समोरासमोर घेतला आहे. भाडे दोघांनी ठरवावे, सरकारने नव्हे. करार लेखी हवा आणि दोन महिन्यांच्या आत भाडे प्राधिकरणाला कळवावा. अनामत घराला दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नको, दुकान-कचेरीला सहा महिन्यांपेक्षा नको. मालकाने पाणी-वीज तोडू नये. घरात यावयाचे तर चोवीस तास आधी कळवावे. मुदत संपूनही भाडेकरू उठला नाही तर पहिले दोन महिने दुप्पट आणि पुढे चौपट भाडे. दिवाणी कोर्टाऐवजी निराळे भाडे न्यायालय, आणि त्याने साठ दिवसांत निकाल द्यावा.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हे सारे पुढे होणाऱ्या करारांना लागू. मसुदा मंजूर करतानाच केंद्राने सांगितले आहे, की जुन्या भाडेकरूंना तो लागू होणार नाही. तेव्हा नानांनी या मसुद्याला घाबरण्याचे कारण नाही. उलट, त्यांच्या मालकानेही त्याच्याकडून काही आशा धरू नये! पागडीचा आणि पडक्या वाड्यांचा गुंता हा कायदा सोडवीतच नाही. तो त्याला वळसा घालून पुढे जातो. त्या गुंत्यावर पुनर्विकास हा एकच मार्ग आजवर थोडाफार चालला आहे. मुंबई बेटावरील उपकरप्राप्त इमारतीतील भाडेकरूला नव्या इमारतीत किमान तीनशे चौरस फूट चटईक्षेत्राचे घर मालकीने मिळते आणि दुकानदाराला होती तेवढी जागा. अर्थात बिल्डर पुरा पडला तर. अर्धवट सोडलेल्या खड्ड्याभोवती पत्रे ठोकलेले आणि बिऱ्हाडे वर्षानुवर्षे भाड्याच्या तात्पुरत्या जागेत, असे दृश्य शोधायला फार लांब जावे लागत नाही.

मसुद्यातल्या साठ दिवसांवर माझा फारसा विश्वास नाही. कायद्यात दिवस लिहिणे सोपे. त्या दिवसांत बसणारे अधिकारी, कारकून आणि टंकलेखक नेमणे अवघड. मसुद्याप्रमाणे प्राधिकरण म्हणून उपजिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी असावयाचा. त्याच्या टेबलावर आधीच निवडणुका, पूर, जमिनी आणि जातीचे दाखले आहेत. त्यात मुंबई, पुणे, ठाणे येथली सारी भाड्याची भांडणे घातली की काय होईल, याची कल्पना करावी. दोन महिन्यांच्या अनामतीची मर्यादा मात्र मला फार मोलाची वाटते. बाहेरगावाहून शिकावयास आलेली आमची मुले-मुली चौघांत एक खोली घेतात आणि अनामतीसाठी घरून कर्ज काढून आणतात. सोडताना रंगकामाच्या नावाखाली त्यातले अर्धे कापले जाते. त्यांच्यासाठी मोर्चा निघत नाही, कारण दर वर्षी ती निराळी असतात.

आणि एका गोष्टीविषयी मसुदा अगदी गप्प आहे. आडनाव काय, स्वयंपाकात काय शिजते, मुलगी एकटीच राहणार का, हे प्रश्न विचारून मालक दार लावून घेतो, त्याला आज कायदा काही म्हणत नाही. उद्याचाही म्हणणार नाही. माझ्या वर्गातील एका मुलीला एका पावसाळ्यात सात दारे या प्रश्नांवर बंद झालेली दिसली. आठव्या दारी एका आजींनी फक्त एवढेच विचारले, “जिना चढता-उतरता पाय वाजवशील का गं?” आणि खोली दिली.

अकरा महिन्यांचे कोडे

जाता जाता एक उपयोगाची गोष्ट. आपल्याकडे जो तो अकरा महिन्यांचाच करार करतो. का, म्हणून विचारावे तर ‘तशी पद्धत आहे’. मूळ कारण असे, की १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एका वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची. म्हणून नोंदणी चुकविण्यासाठी अकरा महिने. परंतु महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याच्या पंचावन्नाव्या कलमाने प्रत्येक करार, मग तो अकरा महिन्यांचा असो की तीन, लेखी आणि नोंदलेला असलाच पाहिजे असे सांगितले आहे. ही जबाबदारी मालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. आणि वाद झालाच तर, उलट सिद्ध होईपर्यंत, अटी भाडेकरू सांगेल त्या खऱ्या धरल्या जातात. म्हणजे ज्या अकरा महिन्यांनी पूर्वी काही वाचत असे, त्यांनी आता आपल्या राज्यात काहीच वाचत नाही.

उलट नोंदलेला करार हातात असेल तर मुदत संपल्यावर जागा परत मागण्यासाठी चोविसाव्या कलमाखाली सक्षम अधिकाऱ्याकडे जाता येते, आणि जागा न सोडणाऱ्याला दुप्पट भरपाई द्यावी लागते. नव्या मसुद्यातील दुपटीची धमकी आपल्याकडे पंचवीस वर्षांपासून आहे; फक्त तिचा उपयोग नोंदणी केलेल्यालाच होतो. ही नोंदणी आता घरबसल्या संगणकावर करता येते. आमच्या सहकाऱ्याने वाड्यातली तळमजल्यावरची एक खोली गेल्या वर्षी एका नवविवाहित जोडप्याला अशीच नोंदवून दिली, आठ वर्षे कुलूप होते तिला. करारावर सही करताना साक्षीदार कमी पडला, तेव्हा माडीवरून नाना काठी टेकीत खाली आले आणि चष्मा पुसून त्यांनी सही केली.